धूर भट्टीचा, धाप लेकराची

"डॉक्टरसाहेब, पोराले पंप लावला तं त्याची सवय लागीन का?"

थंडी पडायला लागली की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज येतो. मागच्या हिवाळ्यात एका आईने तो विचारला तेव्हा तिचा सहा वर्षांचा मुलगा टेबलावर बसून पोटाने श्वास घेत होता. महिन्याभरातली ही त्याची तिसरी खेप. औषध बरोबर होतं, पंप घ्यायची पद्धत बरोबर होती. घरात कुणी बिडी ओढत नव्हतं, स्वयंपाक गॅसवर होता. मग मी विचारलं, "ताई, घराच्या आजूबाजूला काय जळतं?"

ती म्हणाली, "मांगं इटाची भट्टी हाय. पण थे तं भायेर हाय ना!"

आजचा लेख या "भायेर"बद्दल आहे. पंपाची सवय लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सवय आपल्याला लागली आहे ती धुराची.

बाहेरचा धूर बाहेर राहत नाही

लाकूड, पऱ्हाट्या, तुराट्या किंवा सोयाबीनचं कुटार पूर्ण जळलं तर धूर कमी होतो. पूर्ण जळायला भरपूर हवा, जास्त उष्णता आणि कोरडं जळण लागतं. उघड्यावरच्या भट्टीत या तिन्ही गोष्टी क्वचितच जमून येतात. ओलं लाकूड धुमसतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि अतिशय बारीक कण बाहेर पडतात.

या बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस याच्या साधारण वीस ते तीस पट जाड असतो. एवढा बारीक कण नाकातल्या केसांत अडकत नाही, खोकल्याने बाहेर पडत नाही. तो थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातो आणि त्यातले काही रक्तात उतरतात. म्हणून धुराने फक्त दमा वाढतो असं नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो. बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ सालीच जाहीर केलं आहे.

हिवाळ्यात आणखी एक अडचण येते. रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची थंड हवा खालीच बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. धूर वर जात नाही. पहाटे गावावर जो निळसर पट्टा दिसतो, त्याला आपण धुकं म्हणतो. त्यात धूर किती असतो, ते वासावरून कळतं. आणि विटांच्या भट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर, म्हणजे नेमका याच दिवसांत सुरू होतो.

दम्यासारखाच, पण कायमचा आजार म्हणजे सीओपीडी. तो फक्त बिडी-सिगारेटवाल्यांना होतो असा आपला समज आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की कधीच धूम्रपान न केलेल्या माणसांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो आणि जळणाचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे. माझ्याकडे धाप लागते म्हणून येणाऱ्या किती तरी आजीबाईंनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही.

नियम आहेत, पण कुणासाठी?

"आमच्याकडे कायदाच नाही," असं लोक म्हणतात. हे खरं नाही.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी वीटभट्ट्यांची अधिसूचना काढली. तिच्यानुसार नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर लांब हवी. भट्टीत टायर, प्लॅस्टिक, पेटकोक आणि घातक कचरा जाळायला बंदी आहे. आता तुमच्या गावाच्या शेवटच्या घरापासून भट्टी किती लांब आहे, ते पावलांनी मोजा. साधारण हजार-अकराशे पावलं भरली पाहिजेत.

मुंबईत ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. नव्या बेकरीला परवानाच त्या अटीवर द्यायचा, असंही बजावलं. मुंबईच्या पावाच्या भट्टीला शिस्त लागू शकते, तर आपल्या बसस्टँडजवळच्या कचोरीच्या भट्टीला का नाही? मंगल कार्यालयामागे ओली लाकडं पेटवून उठवलेल्या आचाऱ्याच्या भट्टीला का नाही?

केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. शेजारचं अकोला आहे, अमरावती आहे. वाशिम नाही. म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोऱ्याची हवा चांगली आहे असा अर्थ होत नाही. आपल्याला आपलं आपणच बघावं लागणार, एवढाच त्याचा अर्थ.

"मग आम्ही खायचं काय?"

हा प्रश्न मला भट्टीवाले विचारतात आणि तो खोटा नाही. वीटभट्टीवर कित्येक कुटुंबांची चूल पेटते. घरकुलाला विटा लागतात. कचोरीवाल्याला व्यावसायिक सिलिंडर महाग पडतो.

पण भट्टीचा धूर सगळ्यात आधी कोण घेतं, तेही बघा. भट्टीच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या मजुराचं लेकरू. माझ्याकडे येणाऱ्या भट्टीवाल्यांपैकी दोघांना स्वतःलाच सीओपीडी आहे. भट्टी बंद करा असं मी म्हणत नाही. वस्तीतून लांब न्या आणि कमी धुराची करा, एवढंच म्हणतो. धुराचा खर्च आजही होतोच आहे. तो भट्टीवाल्याच्या वहीत न लिहिता आपल्या औषधांच्या बिलात लिहिला जातो.

"आमचे आजोबा धुरातच जगले," हेही मी ऐकतो. जे जगले ते आपल्याला आठवतात. जे धापा टाकत गेले त्यांना आपण "म्हातारपणाचा खोकला" म्हणून सोडून दिलं.

तुम्ही काय करू शकता

ग्रामसभेत बोला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा फक्त झेंड्यानंतरच्या चहासाठी नसतात. तीन ठराव मागा. वस्तीजवळ नव्या भट्टीला ना-हरकत दाखला नाही. टायर-प्लॅस्टिक जाळलं तर तक्रार ग्रामपंचायत स्वतः करेल. शाळा आणि दवाखान्याजवळ उघडी भट्टी नाही.

शहरात असाल तर नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हॉटेल व मंगल कार्यालयांच्या भट्ट्यांना छतापेक्षा उंच चिमणी आणि कोरडं जळण ही ताबडतोबीची अट असावी. गॅसवर जाण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी. चिमणीने धूर संपत नाही, शेजाऱ्याच्या खिडकीतून वर जातो, हे लक्षात ठेवा.

ऐकलंच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. लोकांच्या आरोग्याला अपाय करणारा धंदा थांबवण्याचा किंवा त्याला नियम लावण्याचा आदेश ते देऊ शकतात. जुन्या कायद्यात हेच कलम १३३ होतं. त्याच कलमावर १९८० साली रतलामच्या लोकांनी तुंबलेल्या गटारांसाठी आपल्या नगरपालिकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून निकाल मिळवला. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब कोर्टाने मानली नाही.

आणि एक काम घरचं. अंगणातला अंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा चूल. आमच्याही घरी बंब होता आणि मी डॉक्टर झाल्यावरही बरीच वर्षं त्यात सगळा कागद-कचरा जात होता. आता तो काढला. तुम्हाला लगेच जमत नसेल तर निदान त्यात प्लॅस्टिक टाकू नका, जळण वाळलेलं वापरा आणि लहान मुलांना शेकायला जवळ बसवू नका.

दम्याच्या मुलांच्या आईवडिलांना शेवटचं: पंप मनाने बंद करू नका. पहाटे धूर साचलेला असताना दारं-खिडक्या बंद ठेवा, मुलाला बाहेर खेळायला उशिरा सोडा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील किंवा मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

त्या मुलाचा पंप मी वाढवून दिला. हंगाम संपेपर्यंत तो आजोळी राहिला आणि त्या काळात एकदाही माझ्याकडे यावं लागलं नाही. पण प्रत्येक लेकराला आजोळ लांबच्या गावी असतंच असं नाही. भट्टी मात्र लांब नेता येते.