राऊला उकळलेली गाडी

भाचीच्या लग्नाला गाडीने इंदूरला निघालो होतो. मे महिना. राऊच्या गर्दीत काटा लाल खुणेवर! मी रेडिएटरचे झाकण उघडणार, तोच धारवाडच्या वैनी ओरडल्या, ‘भावजी, नीर हाकब्याड्री!’ त्यांचे खरे होते. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण काढताच वाफ तोंडावर येते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन असो की मोठे, उकळल्यावर तसेच पळवले तर हेड गॅस्केट जळते. इंजिन थंड झाल्यावर पाहिले, पंख्याचा फ्यूज उडालेला. तो बदलला, कूलंट भरले, मुहूर्त गाठला. वाचकहो, प्रवासाआधी पंखा फिरतो का, तेवढे बघाच!