औषध फुकट, वाट महाग!

सरकारी रुग्णालयात मानसिक आजारांवर विनामूल्य उपचार मिळतात, हे विधान ऐकण्यास गोड आहे आणि कागदोपत्री बव्हंशी खरेही आहे. परंतु गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सिरोंचा तालुक्यात राहणाऱ्या शेतमजुरास त्याचा अर्थ काय? त्याच्या जिल्ह्याचे ठिकाणच सुमारे दोनशे किलोमीटर दूर. घरातील मनोरुग्णास एकट्याने धाडता येत नाही. म्हणजे दोघांचे एस.टी.चे भाडे आणि जाण्यायेण्यात दोघांची बुडालेली मजुरी. शिवाय हा आजार एका बाटलीने बरा होणारा नव्हे. गोळ्या महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. जे औषध आणण्यासाठी दर महिन्यास घरची चूल विझण्याची पाळी येते, त्यास फुकट म्हणणे ही गरिबाची थट्टा आहे.

कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. २०१७ साली संमत झालेल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे अठरावे कलम प्रत्येक नागरिकास या सेवेचा हक्क देते. दारिद्र्यरेषेखालील माणसास ती विनामूल्य मिळाली पाहिजे आणि कोणासही तिच्यासाठी लांबचा प्रवास करावा लागता कामा नये, असे हे कलम सांगते. यातील ‘विनामूल्य’ हा शब्द आमच्या राज्यकर्त्यांना पाठ झाला आहे. ‘जवळ’ हा शब्द मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. आमच्या मते, दुसऱ्या शब्दावाचून पहिला पोकळ आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले. बारा राज्यांतील या पाहणीत, दहा टक्क्यांहून अधिक प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि आजाराच्या प्रकारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. मनोविकारतज्ज्ञांची संख्या मध्य प्रदेशात लाख लोकांमागे ०.०५, तर केरळसारख्या पुढारलेल्या राज्यातही १.२. महाराष्ट्राचा या बारा राज्यांत समावेश नव्हता. तथापि आमच्या खेड्यांची स्थिती निराळी असेल, असे मानण्यास काहीच आधार नाही. गावोगावी तज्ज्ञ डॉक्टर नेमू म्हटले, तर आणखी एक पिढी वाट पाहावी लागेल. मग तोवर रुग्णांनी करावे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधण्याचे कारण नाही. १९७५ च्या सुमारास हरियाणातील रायपूर रानी आणि बंगळूरजवळील सकलवारा येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचारी यांना मानसिक आजार ओळखण्याचे व सांभाळण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि ते काम त्यांना जमते असे दिसून आले. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम ठरला, १९८५ पासून बेल्लारी जिल्ह्यात तो राबवून पाहण्यात आला आणि १९९६ पासून त्याच धर्तीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आमच्या विदर्भाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालविण्यात आला. गावच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन माणसांची विचारपूस केली, समुपदेशकांनी धीर दिला आणि ज्यांना गरज होती त्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात नमूद आहे. तुलनेसाठी दुसरी गावे घेतली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा लक्षात घेऊनही हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

यावर असा आक्षेप येतो, की शहराला डॉक्टर आणि खेड्याला अर्धशिक्षित कार्यकर्ता, हा पंक्तिप्रपंच नव्हे काय? कार्यकर्त्याच्या हाती औषधाची चिठ्ठी दिली, तर तो खासच होईल. परंतु त्याचे काम निराळे आहे. आजाराची चाहूल घेणे, ऐकून घेणे, औषध मध्येच सुटले तर उंबरठ्यावर जाऊन उभे राहणे, हे काम शहरातील निष्णात डॉक्टरही करू शकत नाही. खेडूत देवऋषाकडे जातो तो केवळ अज्ञानामुळे नव्हे. देवऋषी गावातच असतो, त्याला वेळ असतो आणि तो कागदपत्रे मागत नाही. ही जवळीक जर शास्त्राने दिली नाही, तर ती जागा दुसरे कोणी घेणारच. त्याचा शेवट कोठे होऊ शकतो, हे तमिळनाडूतील एरवाडीने ६ ऑगस्ट २००१ रोजी दाखविले. दर्ग्याच्या आश्रयाने वाढलेल्या खाजगी आश्रमातील आगीत साखळदंडांनी जखडलेली पंचवीसहून अधिक माणसे जळून मेली. त्यांना तेथे पोहोचविणारे बहुतेक त्यांचेच आप्त होते. दुसरी जवळची वाट त्यांना ठाऊक नव्हती.

अर्थात्, विदर्भातील शेतकऱ्याचे कर्ज समुपदेशनाने फिटत नाही. पाऊस, भाव आणि सावकार यांचे प्रश्न सोडविण्याऐवजी त्याला मनाचे धडे देणे, ही फसवणूक ठरेल. परंतु कर्जमाफीची वाट पाहताना खचलेल्या माणसाला आज रात्री कोणाचा आधार आहे, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा या बाबतीत उपयुक्त आहे. मात्र दूरध्वनीच्या तारेतून गोळी येत नाही.

म्हणून सरकारकडे आमचे मागणे अवाजवी नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजारांवरील आवश्यक औषधांचा साठा बाराही महिने असावा. तज्ज्ञाने महिन्यातील एका ठरलेल्या दिवशी तेथे यावे. आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यास या कामाचे रीतसर वेतन मिळावे. आशा सेविकेच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवून हे काम होणार नाही. किती शिबिरे भरविली, याऐवजी किती रुग्णांचे उपचार वर्षभर अखंड चालले, याचा आकडा दरवर्षी विधिमंडळापुढे यावा. प्रकल्प संपला की औषध संपले, हा क्रम रुग्णाच्या दृष्टीने मुळीच उपचार न मिळण्याइतकाच क्रूर आहे.

शहरातील सुशिक्षितांना हा विषय दूरचा वाटू नये. आपल्या घरातील माणूस खचला, तर त्याला घेऊन आपण तासाभरात डॉक्टरांच्या दारी पोहोचतो. ही सोय आपल्या कर्तबगारीने नव्हे, आपल्या पत्त्याने आपल्याला दिली आहे. कोणाचे मन सावरावे आणि कोणाचे कोसळू द्यावे, हे त्याच्या पत्त्यावरून ठरत असेल, तर कायद्याने दिलेल्या हक्काला अर्थ तो काय उरला?