अकरा मिनिटांचे पथ्य

अंडे उकडणे ही का शिकण्याची गोष्ट आहे, असे आपणांस वाटेल. पण घरातील आजी-आजोबांच्या ताटलीकडे एकदा लक्ष द्यावे. बलक खाल्लेला असतो आणि पांढरा भाग कडेला सारलेला असतो. ‘त्यांना अंडे आवडत नाही,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा दोष आवडीचा नसतो, गॅसवर विसरलेल्या भांड्याचा असतो. फार वेळ उकडलेला पांढरा भाग चिवट होतो आणि कवळीने तो चावला जात नाही. एका अंड्यातील सुमारे ६ ग्रॅम प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक त्याच भागात असतात. उतारवयात स्नायू झिजत असताना ती वाया जाणे बरे नव्हे.

अर्धवट शिजलेले अंडेही तितकेच गैरसोयीचे. पातळ बलकात साल्मोनेला हे जंतू जिवंत राहू शकतात. तरुण माणूस दोन-चार दिवसांच्या जुलाबांतून सावरतो. वृद्धांच्या शरीरातील पाणी मात्र झपाट्याने कमी होते. म्हणून ज्येष्ठांसाठी बलक पूर्ण घट्ट आणि पांढरा भाग मऊ, असेच अंडे हवे. ते अंदाजाने नव्हे, घड्याळाने साधते.

अंडी फ्रिजमधून १५ मिनिटे आधी बाहेर काढावीत, म्हणजे ती तडकण्याची शक्यता कमी होते. अंडी बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी उकळावे. उकळी फुटली की झाऱ्याने अंडी अलगद सोडावीत, आच मध्यम करावी आणि तेथून वेळ मोजावी. ६ मिनिटांत बलक पातळ असतो, ८ मिनिटांत मध्यभागी ओलसर, तर ११ मिनिटांत पूर्ण घट्ट. त्यानंतर लगेच अंडी गार पाण्यात ठेवावीत. शिजणे थांबते आणि कवचही सहज सुटते. बलकाभोवती हिरवट कडे दिसले, तर अंडे जास्त शिजले असे समजावे. बलकातील लोह आणि पांढऱ्यातील गंधक यांच्या संयोगाने ते उमटते, अपायकारक नसते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळते, म्हणून तेथे एक-दोन मिनिटे अधिक द्यावीत.

घट्ट बलक कोरडा असल्याने घशात अडकून ठसका लागू शकतो. तो ताज्या दह्यात किंवा मऊ वरणभातात कुस्करून द्यावा. गिळण्याचा त्रास किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उकडलेली अंडी दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नयेत. कवचासह फ्रिजमध्ये ती आठवडाभर टिकतात.

आपण एकटे राहत असाल, तर अंडी पाण्यात सोडताच गजर लावावा आणि तो वाजेपर्यंत स्वयंपाकघरातच बसावे. त्याने अंडे तर नीट शिजेलच, शिवाय पाणी आटून भांडे करपण्याचा धोकाही टळेल.