लक्ष्यवेधासाठी साधनसिद्धता

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे गाव आहे. तेथील प्राचीन मंदिरे आणि उंच कोरीव दगडी स्तंभ पाहण्यासाठी मंदिरस्थापत्याचे अभ्यासक दुरून येतात. शतकांची ऊन-पावसाळी झेलून उभा असलेला तो स्तंभ पाहताना आपण कारागिराच्या हाताला नमस्कार करतो. त्याच्या हातातील ओळंबा आणि छिन्नी मात्र आपल्या ध्यानात येत नाहीत. हात कितीही सधलेला असला, तरी ओळंबा खोटा असेल तर स्तंभ कलणारच. आपल्या पूर्वजांना याचे नेमके भान होते. म्हणून खंडेनवमीला शस्त्रांसोबत सुताराचा रंधा, लोहाराचा घण आणि शेतकऱ्याचा नांगरही पूजेला मांडला जातो.

हे स्मरण करून देण्याचे कारण नेमबाजीचे आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील खाशाबा जाधवांच्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक पदक आणले. त्यापूर्वी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेती झाली होती. पिस्तुलाच्या प्रकारात राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवान येथे विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक पटकाविले. ही तिन्ही नावे कोल्हापूरची आहेत. याचा अभिमान बाळगतानाच प्रश्न पडतो, की मराठवाड्यातील नावे या यादीत का दिसत नाहीत? चारठाण्याच्या मुलामुलींची दृष्टी अधू आहे, की त्यांचे मन चंचल आहे? अर्थातच नाही. उणीव साधनांची आहे.

या खेळात साधनाचे महत्त्व किती, हे टोकियोत साऱ्या देशाने पाहिले. २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा खटका ओढण्याचा दांडा तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, ५७५ गुणांवर तिला बाराव्या स्थानी समाधान मानावे लागले आणि अंतिम फेरी हुकली. त्याच मनूने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके जिंकली. मुलगी तीच होती आणि जिद्दही तीच होती. एका लहानशा धातूच्या तुकड्याने चार वर्षांची तपश्चर्या कशी पणाला लागते, हा धडा मात्र विसरून चालणार नाही.

तथापि साधनाचे महत्त्व म्हणजे साधनाचा मोह नव्हे. आज शहरी मध्यमवर्गात असे चित्र दिसते, की मूल चार महिने नेमबाजीला जाऊ लागले, की पालक दीड-दोन लाखांचे परदेशी पिस्तूल घेऊन मोकळे होतात. वास्तविक १० मीटर एअर पिस्तुलाचे नियम सर्वांना समान आहेत. वजन दीड किलोपेक्षा अधिक नको, घोड्याचा ताण ५०० ग्रॅमपेक्षा कमी नको आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. नामांकित कंपनीचे जुने, पण निगा राखलेले पिस्तूलही त्या वर्तुळात छर्रे पाडू शकते. निवड करताना पाहावयाचे ते प्रथम मुठीचे माप. प्रौढ पुरुषाच्या पंजासाठी घडविलेली लाकडी मूठ बारा वर्षांच्या मुलीच्या हाती दिली, तर ती मनगट वाकवूनच नेम धरू लागेल आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे सुटणार नाही. दुसरी गोष्ट घोड्याची. तो प्रत्येक वेळी एकाच बिंदूवर, एकाच दाबाने सुटला पाहिजे. जुने पिस्तूल घेताना आणखी एक दक्षता आवश्यक असते. दाबयुक्त हवेच्या नळकांडीवर वैधतेची मुदत कोरलेली असते, ती साधारणतः दहा वर्षांची असते. मुदत संपलेली नळकांडी स्पर्धेत चालत नाही आणि ती धोक्याचीही ठरू शकते. स्वस्त मिळाले म्हणून हुरळून गेलेल्या अनेक पालकांना हे उशिरा कळते.

पिस्तुलाचा खर्च एकदाच होतो. दारूगोळ्याचा खर्च रोजचा असतो. दिवसाला शंभर छर्रे धरले, तरी वर्षाच्या तीनशे सरावदिनांत तीस हजार छर्रे लागतात. ५०० छर्‍यांची एक डबी, म्हणजे साठ डब्या! २५ मीटर पिस्तुलासाठी .२२ ची काडतुसे लागतात आणि तेथे हिशेब अधिकच जड होतो. ही काडतुसे एकदाच वापरता येतात. त्यांतील ठिणगी पाडणारे मिश्रण कवचाच्या कडेत भरलेले असते आणि आघाताने ती कडच चेपते. त्यामुळे रिकामे कवच पुन्हा भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे आजही प्रामुख्याने इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ यांसारख्या कंपन्यांकडून येतात. येथेही विवेक हवा. २५ मीटरवरील संथ फेरीत दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. जलद फेरीत मात्र लक्ष्य तीन सेकंदच समोर राहते. तेव्हा सर्वांत महागड्या काडतुसापेक्षा जे आपल्या पिस्तुलात एकदाही न अडकता चालते, तेच काडतूस श्रेष्ठ.

सेंटर फायर पिस्तुलाची गोष्ट निराळी आहे. .३२ च्या काडतुसात ठिणगीची टोपी कवचाच्या मध्यभागी स्वतंत्र बसविलेली असते. ती बदलून, नव्याने दारू आणि गोळी भरून पितळी कवच अनेक वेळा वापरता येते. पाश्चात्त्य देशांतील असंख्य नेमबाज हे काम स्वतः करतात. पैसे वाचतात, शिवाय आपल्या पिस्तुलाला मानवेल असा मंद आणि एकसारखा भार साधता येतो. याच प्रकारात २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, हे खरे; परंतु संथ आणि जलद फेऱ्यांची शिस्त तो बाणवतो, आणि तोच जसपाल पुढे मनू भाकरचा मार्गदर्शक झाला.

मग आपल्याकडेही घरोघरी काडतुसे भरू द्यावीत काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम परवान्याविना शस्त्र आणि दारूगोळ्याच्या निर्मितीस मनाई करते. ही मनाई योग्यच आहे. नजरचुकीने एका कवचात दुप्पट दारू पडली, तर पिस्तूल हातातच फुटते. शिवाय हिशेबाबाहेरचे काडतूस कोणाच्या हाती जाईल, याची शाश्वती कोण देणार? देशाची अंतर्गत सुरक्षा हा पदकापेक्षा मोठा विषय आहे. पण नकारापाशी थांबणे हा आळस झाला. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलासारख्या शासकीय केंद्रात परवानाधारक, प्रशिक्षित कारागिराच्या देखरेखीखाली पुनर्भरणाचा एक कक्ष का असू नये? किती कवचे आली, किती भरली, किती झाडली आणि किती परतली याची नोंदवही ठेवली, की सुरक्षा आणि काटकसर या दोहोंचा मेळ बसेल.

याहून मोठा प्रश्न स्वदेशीचा आहे. ब्रिटिशांनी १८६९ मध्ये उभारलेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना हे दोन्ही महाराष्ट्रात आहेत. २०२१ मधील पुनर्रचनेनंतर ते ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे आले, तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. सीमेवरील जवानाच्या बंदुकीला काडतूस पुरविणाऱ्या या भूमीतील नेमबाजाने स्पर्धेच्या काडतुसासाठी परदेशी जहाजाची वाट पाहावी, ही नामुष्की आहे. मात्र स्वदेशीच्या नावाखाली खेळाडूच्या हाती दुय्यम माल देऊ नये. प्रत्येक गोळीचा वेग एकसारखा असणे ही या काडतुसाची कसोटी आहे, आणि तिला उतरणारा माल तयार करणे हाच स्वदेशीचा खरा अर्थ आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून नेमबाजांसाठी शस्त्रे व काडतुसे बाळगण्याची मर्यादा वाढविली. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्रांना परवानाही लागत नाही. म्हणजे चारठाण्याच्या वाटेत आज कायदा आडवा येत नाही. आडवे येते ते अंतर. पुण्याची बालेवाडी चारठाण्यापासून साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे.

हे अंतर समाजाने कमी करावयाचे आहे. दहा मीटरची नेमबाजी शाळेच्या एका लांब सभागृहात होऊ शकते. मागे छर्रे अडविणारी भक्कम भिंत, लक्ष्यावर पुरेसा प्रकाश, सरावानंतर शिशाने माखलेले हात धुण्याची सक्ती आणि शिस्त शिकविणारा एक प्रशिक्षक एवढे जमले तरी आरंभ होतो. दोन वेगवेगळ्या मापांच्या मुठींची दोन पिस्तुले शाळेच्या मालकीची असावीत. ती पाळीपाळीने वीस मुले वापरतील. गावोगावच्या शिक्षणसंस्था, क्रीडामंडळे आणि सुस्थित कुटुंबे यांनी मनावर घेतले, तर हा भार फार मोठा नाही. उत्सवाच्या मंडपावर आपण याहून अधिक खर्च करीत असतो.

पदक मिळाल्यावर मिरवणूक काढणे सोपे आहे. पदकाच्या दहा वर्षे आधी, नाव-गाव ठाऊक नसलेल्या मुलीच्या हाती तिच्या मापाची मूठ देणे कठीण आहे. येत्या खंडेनवमीला चारठाण्यातील एखाद्या शाळेत पाटी-पुस्तकांशेजारी एक एअर पिस्तूल पूजेला मांडलेले असावे आणि दुसऱ्या दिवशी, सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर, ते हाती घेऊन कोणी मुलगी लक्ष्यासमोर उभी राहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. नेम साधण्याचे काम ती करील. साधन पुरविण्याचे काम आपले आहे.