भाड्याच्या गलबतांवर आरमार

परवा डोंबिवलीत एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता सैन्याच्या संदेशवहनाचं आधुनिकीकरण. वक्ते आयटीतून निवृत्त झालेले, ठाण्यात राहणारे, बोलण्यात पटाईत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या नातीच्या मोबाइलवरच्या गप्पांना जे एन्क्रिप्शन आहे, ते कुणाच्या बापाला फोडता येत नाही. मग लष्कराला वेगळं जाळं, वेगळे फोन, वेगळी केबल हवीत कशाला? चार हुशार पोरं बसवा, सहा महिन्यांत काम फत्ते. आणि महाराजांनी कल्याण घेतलं तेव्हा कुठे होते रेडिओ? टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो. १६५७ साली कल्याण घेतल्यावर महाराजांनी इथल्या खाडीत स्वतःची जहाजं बांधायला घेतली. फिरंग्यांची गलबतं भाड्याने घेऊन भागवू, असं काही ते म्हणाले नाहीत.

सहा महिन्यांचं म्हणाल, तर कल्याणचा पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. सियाचीनपर्यंत केबल टाकणं त्याहून सोपं असेल, तर वक्त्यांनी कंत्राट भरावं.

डोकं फिरलं ते एन्क्रिप्शनच्या मुद्द्याने. पाकीट चिकटवलं की पत्र गुप्त झालं, अशी ही समजूत. पूर्वी आमच्या चाळीत पोस्टमन एकही पाकीट फोडत नसे. तरी कुणाचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला, कुणाची सोयरीक मोडली, हे त्याला आईबापांच्या आधी कळे. कुठून आलं, कुणाला आलं, किती दिवसांनी आलं, एवढ्यावर त्याचं भागत असे. मोबाइलचा टॉवर हा तसाच पोस्टमन, फक्त त्याला झोप नाही.

१ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्री युक्रेनने माकिइव्का इथल्या रशियन सैनिकांच्या मुक्कामावर रॉकेटं टाकली. आपले ८९ सैनिक गेले आणि त्याचं मुख्य कारण त्यांनी बंदी मोडून वापरलेले मोबाइल, हे रशियाच्याच संरक्षण खात्याने सांगितलं. त्या पोरांनी घरच्यांना काय लिहिलं होतं, ते वाचायची शत्रूला गरजच पडली नसेल. एकाच इमारतीत इतके फोन चालू आहेत, एवढं कळलं की पुरे. २०१८ मध्ये धावण्याची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपच्या नकाशावर अमेरिकेचे परदेशातले तळ उजळून दिसले होते. सैनिक सकाळी पळायला जात, एवढाच त्यांचा गुन्हा. यात एन्क्रिप्शन कुठे तुटलं? ते जागच्या जागी शाबूत होतं.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची. २६ जुलै २००५ ची रात्र मी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर काढली. मोबाइल चार्ज केलेला, आई डोंबिवलीत एकटी, आणि पहाटेपर्यंत एकही फोन लागला नाही. सगळ्यांना एकदम बोलायचं असतं तेव्हा सार्वजनिक जाळं असं बसतं. सैन्याला नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.

हे वक्ते माझ्या जुन्या ओळखीचे. तीस वर्षांपूर्वी ‘सैनिकाला बंदूक द्या, कॉम्प्युटर कशाला?’ म्हणून माझ्याशी वाद घालत होते. तेव्हा यंत्रच नको होतं, आता बाजारातलं कुठलंही चालेल. खात्री मात्र तेव्हाची तशीच आहे.

मग करायचं काय? जे चाललंय ते नेटाने पुढे न्यायचं. उशीर झाला, खर्च वाढला, हे कबूल. सैन्यासाठी वेगळ्या ऑप्टिकल फायबरच्या जाळ्याला २०१२ मध्ये १३,३३४ कोटी मंजूर झाले आणि २०१८ मध्ये आणखी ११,३३० कोटी द्यावे लागले. पण जाळं आपलं, तर चावीही आपली. भारत इलेक्ट्रॉनिक्सची ‘आकाशतीर’ यंत्रणा रडारांची माहिती एका पडद्यावर आणते. मे २०२५ मध्ये पाकिस्तानचे ड्रोन आले, तेव्हा ती कामाला आली. यंत्रांइतकीच माणसंही घडवावी लागतील. त्याच महिन्यात कळव्याच्या एका तरुण अभियंत्याला युद्धनौकांची माहिती पाकिस्तानी हस्तकांना दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. समोर फेसबुकवर ओळख झालेली ‘बाई’ होती, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. असल्या बाईपुढे कुठलंही कुलूप टिकत नाही.

जाता जाता वक्त्यांसाठी एक माहिती. ते फायबरचं जाळं सैन्याला फुकट मिळालेलं नाही. मोबाइल कंपन्यांना जागा व्हावी म्हणून सैन्याने आपल्या ताब्यातल्या काही रेडिओलहरी सोडल्या, त्याच्या बदल्यात ते आलं. नातीच्या ज्या मोबाइलचं कौतुक त्यांनी आम्हाला तासभर ऐकवलं, त्याच्या सेवेला जागा करून देणाऱ्यांत सैन्यही होतं.