उपासाच्या वाटेवरचं अथेन्स

अथेन्सच्या मोनास्तिराकी चौकात शिरलं की पहिला वास येतो तो भाजत्या मांसाचा. शाकाहारी माणसानं लगेच हाय खाऊ नये. 'निस्तीसिमो' एवढा एक शब्द पाठ करावा, म्हणजे उपासाचं. ईस्टरपूर्वी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मांस, अंडी, दूध सोडतात. म्हणून १९४४ साली 'व्हीगन' हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीपासून इथं फेटा चीजविना पापुद्र्यांची स्पानाकोपिता, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, ताहिनीचा हलवा आहे. (कोळंबी मात्र या उपासाला चालते, तेव्हा विचारून घ्यावं. आपल्या साबुदाण्याचे नियम तरी कुठे सरळ आहेत!) सकाळी गाडीवरून तिळानं माखलेलं कुलूरी घ्यावं आणि ते चावत अथिनास रस्त्यानं एव्रिपिदूच्या मसाल्यांच्या दुकानांकडे निघावं. या अंकातली पायपीट तिथूनच सुरू होते.