निवृत्तीच्या तोंडावर बदलणारी जन्मतारीख

दिल्लीत आयएनए मार्केटच्या जवळ लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या ज्या राणीचे नाव तिला दिले आहे, तिच्या जन्मसालावर अजून एकमत नाही. कोणी १८२८ म्हणतात, कोणी १८३५. इतिहासाला सात वर्षांचा घोळ खपतो, सरकारी क्वार्टरमधल्या कारकुनाला सात महिन्यांचाही खपत नाही. पगार कधी थांबणार, पेन्शन कधी सुरू होणार आणि क्वार्टरची किल्ली कधी परत करायची, हे सगळे सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरची एक ओळ ठरवते.

या ओळीकडे तीस-पस्तीस वर्षे कोणी ढुंकून पाहत नाही. साठी जवळ आली की मात्र गावच्या शाळेतून जुना निर्गम उतारा निघतो, तहसिलीत कोतवाल बुकाची पाने चाळली जातात आणि आस्थापना शाखेत अर्ज दाखल होतो, की जन्मतारीख चुकीची लागली आहे. असा अर्जदार जवळजवळ नेहमीच कागदावर असतो त्याहून वयाने लहान निघतो. ‘माझे वय कमी लागले आहे, मला वर्षभर आधी निवृत्त करा’ असा अर्ज कोणत्या बाबूच्या टेबलावर आल्याचे ऐकिवात नाही.

हा मोह फक्त कारकुनांचा नाही. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांची जन्मतारीख सैन्याच्या एका शाखेत १० मे १९५० होती आणि दुसऱ्या शाखेत १० मे १९५१. १९६५ मध्ये एनडीएच्या परीक्षेसाठी भरलेल्या अर्जात १९५० हे साल पडले होते, मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १९५१ होते. सरकारने १९५० हेच ग्राह्य धरले, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये पदावरच्या लष्करप्रमुखांनी सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० फेब्रुवारीला न्या. आर. एम. लोढा आणि मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेले न्या. एच. एल. गोखले यांच्या पीठासमोर सुनावणी झाली. वाद खऱ्या जन्मतारखेचा नसून नोंदीतल्या तारखेचा आहे, असे पीठाने स्पष्ट केले. १९५० ही तारीख मान्य असल्याची सिंह यांचीच पत्रे समोर ठेवली गेली. याचिका मागे घेतली गेली आणि ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले.

प्रश्न होता जेमतेम दहा महिन्यांचा. १९५१ साल धरले असते तर त्यांना तीन वर्षांचा कार्यकाळ पुरा करता आला असता, मार्च २०१३ पर्यंत. पण त्या दहा महिन्यांत, पुढे त्यांच्या जागी आलेले लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग स्वतःच निवृत्त झाले असते आणि लष्करप्रमुखपदासाठी लेफ्टनंट जनरल के. टी. परनाईक यांचे नाव पुढे आले असते. एका माणसाच्या जन्मसालातला एक आकडा बदलला की मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचे नशीब हलते. लष्करात ते देशाला दिसले. सहायक कक्षाधिकाऱ्याच्या बढतीत तेच घडते, फक्त त्याची बातमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात १९९० च्या दशकातच हे सांगून ठेवले आहे: वर्षानुवर्षे बढतीची वाट पाहणाऱ्या कनिष्ठांचे नुकसान विसरून अशा अर्जाचा विचार करता येत नाही.

नियमही पुरेसा स्वच्छ आहे. केंद्र सरकारच्या सेवानियमांतल्या मूलभूत नियम ५६ खालच्या टिपेत १९७९ मध्ये तीन अटी आल्या. अर्ज नोकरीत रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत हवा. चूक खरी आणि प्रामाणिक असल्याचे सिद्ध व्हावे. शिवाय नव्या तारखेमुळे तो माणूस पूर्वी दिलेल्या परीक्षेला किंवा नोकरीच्या प्रवेशालाच अपात्र ठरता कामा नये. ही तिसरी अट मार्मिक आहे. अठराव्या वर्षी म्हणून चिकटलेला माणूस निवृत्तीच्या वेळी दोन वर्षांनी लहान निघाला, तर तो सोळाव्या वर्षी नोकरीला लागला होता, असा त्याचा अर्थ होतो. महाराष्ट्रातही १९८१ च्या सेवाशर्ती नियमांतला नियम ३८ पाच वर्षांचीच मुदत घालतो. अशाच एका राज्य कर्मचाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. २०२१ मध्ये कर्नाटकच्या एका प्रकरणात तर भक्कम पुरावा असला तरी उशिरा केलेली दुरुस्ती हा हक्क ठरत नाही, इथपर्यंत न्यायालय गेले.

मराठी वाचकाला या कठोरपणाची खास जाणीव असायला हवी, कारण १ जूनचा वाढदिवस हा आपल्याकडचा घरोघरचा मामला आहे. पोराला शाळेत घालायला आणले, डोक्यावरून हात घेऊन दुसऱ्या बाजूचा कान पकडता आला, की गुरुजी वय ठरवत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून मोकळे होत. ती पिढी सरकारी नोकरीत गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त करायचे, असा नियम असल्याने दरवर्षी ३१ मे रोजी गावोगावच्या कचेऱ्यांत आणि शाळांत सेवापूर्तीचे हार-नारळ एकदमच निघतात. यातल्या कितीतरी जणांची खरी तारीख वेगळी असणार. पण त्याच तारखेवर शाळा झाली, परीक्षा झाली, नेमणूक झाली. फायदा घेताना चाललेली तारीख निवृत्त होताना चुकीची ठरवता येत नाही, हे न्यायालयांचे म्हणणे रास्तच आहे.

तरीही या न्यायात एक पारडे हलके राहते. प्रत्येक चूक कर्मचाऱ्याची किंवा गुरुजींची नसते. दाखल्यावरचा ३ उतरवून घेताना कारकुनाच्या हातून ८ होतो आणि ज्याचे सेवापुस्तक, त्यालाच ते पाहायला मिळत नाही. एका कोळसा कंपनीतल्या कामगाराचे प्रकरण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. कंपनीने १९८७ मध्ये नोंदी तपासायला दिल्या, तेव्हा त्याने चूक लगेच दाखवली होती. पहिल्याच संधीला हरकत घेतली होती, म्हणून निकाल त्याच्या बाजूने लागला. म्हणजे खरा प्रश्न उशीर किती झाला हा नसून नोंद पाहायला पहिल्यांदा कधी मिळाली, हा आहे.

ही संधी देण्याची जबाबदारी कागदावर कार्यालयाचीच आहे. केंद्रीय सेवापुस्तकाचे पहिले पान काळजीपूर्वक आखलेले असते: जन्मतारीख इसवी सनात आणि शक्य तर शक संवतातही, अंकी आणि अक्षरी; अनवाणी मोजलेली उंची; ओळखीच्या खुणा; डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. या पानावरच्या नोंदी दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकित कराव्यात, अशी सूचना तिथेच छापलेली असते. पूरक नियम २०२ प्रमाणे कार्यालयप्रमुखाने दरवर्षी सेवापुस्तक दाखवून कर्मचाऱ्याची सही घ्यायची असते. सामान्य वित्तीय नियमांत तर सेवापुस्तकाची दुसरी प्रत कर्मचाऱ्याकडे द्यावी, असे आहे. कर्मचाऱ्याची पाच वर्षे टळली की त्याचे दार कायमचे बंद. कार्यालयाने वर्षानुवर्षे सही घेतली नाही, तर साधा खुलासाही कोणी मागत नाही.

म्हणून पाच वर्षांची मुदत सैल करण्याची गरज नाही, ती दोन्ही बाजूंना सारखी लावण्याची आहे. रुजू होताच पहिल्या पानाची प्रत हातात द्यावी, पोच घ्यावी आणि घड्याळ त्या सहीपासून सुरू व्हावे. पाचवे वर्ष संपण्याआधी ई-एचआरएमएस या ऑनलाइन सेवानोंद प्रणालीवरून जन्मतारखेसह एक सूचना जावी: हरकत असेल तर आत्ताच कळवा. ज्याने सही केली, त्याचा निवृत्तीच्या तोंडावरचा अर्ज एका ओळीत निकाली काढावा. ज्याची सही कार्यालयाला दाखवता येत नाही, त्याचा अर्ज मात्र पुराव्यावर तपासावा, केवळ उशिराच्या कारणावरून फेटाळू नये.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत तारखेचा पुरावा ठरवला आहे. ती मुले नोकरीला लागायला २०४० चे दशक उजाडेल. तोवर गुरुजींनी लिहिलेल्या तारखांचीच माणसे सरकारी कचेऱ्यांत असतील, आणि सेवापुस्तक दाखवून सही घ्यायला लागणारा वेळ कर्मचाऱ्यामागे वर्षाकाठी पाच मिनिटांचा आहे.